पिकअपचा पोळा

शामलाबाई चहा घेऊन अंगणात आल्या तेव्हा रुपराव पिकअपचं कपाळ मोजत होते. हातातली टेप शामलाबाईंच्या शिलाईच्या डब्यातली होती. एक टोक डाव्या दिव्यावर, दुसरं उजव्या दिव्यावर. मोजून झालं की रुपराव दोन पावलं मागे सरकत, मान तिरपी करून गाडीच्या तोंडाकडे बघत राहत, आणि पुन्हा जाऊन मोजत.

"ब्लाउज शिवून राहिले का जी तिले?" शामलाबाईंनी विचारलं.

"शिंगं बसवतो."

"कोणाले?"

"गाडीले. पोळा पंधरा दिवसांवर आला ना वं."

शामलाबाईंनी कप बॉनेटवर ठेवला आणि नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. एकतीस वर्षांच्या संसारात त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती. रुपराव असे हळू आवाजात बोलू लागले, की एक तर त्यांना ताप असतो, नाहीतर कल्पना सुचलेली असते. ताप नव्हता. त्या मुकाट्याने आत गेल्या, कारण तापावर औषध असतं.

जामठी हे एकेकाळी गाव होतं. आता ते रिंग रोडच्या पोटात गेलं आहे आणि नागपूर महापालिकेला ते पचलंय की नाही, हे अजून कोणी सांगू शकत नाही. रुपराव भोयरांचं पाच एकर वावर प्लॉट पडून लेआउटात गेलं. नांगरायला जमीन उरली नाही, तेव्हा चांद्या आणि बाशा ही बैलजोडी त्यांनी रामटेककडच्या एका धानवाल्याला देऊन टाकली आणि पांढरी पिकअप आणली. पिकअपने घर सावरलं, हे खोटं नाही. रोज सकाळी ती हिंगण्याच्या एमआयडीसीत जाई, पत्रे, पाइप, पुठ्ठ्याचे खोके, जे मिळेल ते पाठीवर घेई आणि संध्याकाळी दारात येऊन गुमान उभी राही. रुपराव उतरताना तिच्या दारावर थाप मारत. अशी थाप लोखंडाला मारत नाहीत, पण त्यांच्या हाताला दुसरी येत नव्हती.

वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस सगळं ठीक असे. पोळ्याचा दिवस मात्र रुपरावांना खायला उठे. मारुतीच्या पारासमोर आंब्याच्या पानांचं तोरण लागे, त्याखाली सजवलेले बैल उभे राहत आणि मालक कासरे धरून त्यांच्यापुढे. रुपराव बघ्यांत उभे. चार वर्षं त्यांना हातांचं काय करावं हेच कळत नव्हतं. खिशात घातले तर बरं दिसत नाही, मागे बांधले तर तलाठी आल्यासारखं वाटतं. त्यांना फार वाईट वाटे आणि ते कोणाला सांगण्यासारखंही नव्हतं. बैल विकलेल्या माणसाने पोळ्याला रडू नये, असा गावाचा समज असतो.

आणि यंदा आषाढात, एका दुपारी, गाडीच्या सावलीत पडल्या पडल्या त्यांना डोळा लागला आणि स्वप्न पडलं. पिकअप हळूच उठली, अंग झाडलं, टाक्यापाशी गेली आणि मान खाली घालून पाणी पिऊ लागली. पाणी पिता पिता तिने एकदा वळून रुपरावांकडे पाहिलं. जाग आली तेव्हा आभाळ भरून आलं होतं, उजेड पिवळसर झाला होता, आणि गाडी जागेवरच होती. पण रुपरावांचं ठरलं. ज्याच्या पाठीवर घर चालतं, तो बैल.

ते थेट मुकुंदराव पत्कींकडे गेले.

मुकुंदराव हे एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले आणि पोळा उत्सव समितीचे सचिव. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या रजिस्टरात एकही खाडाखोड झालेली नव्हती, आणि हे ते पहिल्या भेटीतच सांगत. समितीसाठीही त्यांनी रजिस्टर घातलं होतं. त्यात दर पोळ्याला बैलाचा रंग, शिंगांचा आकार आणि मालकाचं नाव लिहून ते खाली शिक्का मारत. गेल्या वर्षी चारच जोड्या आल्या होत्या. आठ बैल लिहून उरलेल्या कोऱ्या पानाकडे बघताना त्यांनाही करमलं नव्हतं, पण नियम तो नियम.

"गाडी? पोळ्यात?" मुकुंदरावांनी चष्मा काढला. "रुपराव, अहो, बैल म्हणजे काय याची काही व्याख्या आहे की नाही?"

"असंल ना जी. लिहून द्या."

लिहून द्या म्हटल्यावर मुकुंदरावांना नाही म्हणता येत नसे. त्यांनी समितीचा छापील कागद काढला, आणि जास्तीत जास्त अशक्य काय, याचा विचार करत मिस्कीलपणे लिहीत गेले. बैलास चार पाय, दोन शिंगं व हलणारी शेपटी असावी. अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ, नाकात वेसण असावी. तो हंबरावा. उभा असता रवंथ करावा. आणि शेवटचं लिहिताना तर त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं: बैलाच्या पाठीवर वा आत कोणी बसून येऊ नये, मालकाने कासरा धरून पुढे चालावं व बैलाने मागून यावं.

शिक्का मारून त्यांनी कागद दिला. रुपरावांनी तो दोन्ही हातांनी घेतला, तीनदा वाचला आणि घडी करून वरच्या खिशात ठेवला.

"पाय हायेत," ते दारातून वळून म्हणाले. "रवंथही करते. न्यूट्रलमध्ये उभी असली का दिवसभर तेच करते."

मुकुंदराव हसले. तिथे ते चुकले.

पिंटू वेल्डर हा रुपरावांचा जुना शेजारी. नाव पिंटू असलं तरी वय सेहेचाळीस, केस पांढरे, आणि चष्मा दोरीने गळ्यात. त्याने कागद वाचला आणि गाडीभोवती एक फेरी मारली.

"वेल्डिंग नाही करायचं," तो म्हणाला. "आरटीओवाला धरन. सगळं नट-बोल्टावर बसवू. पोळा झाला का खोललं. पण काहून गा करून राहिला तू हे?"

"तुले बैल होते का कधी?"

"नाही."

"मंग तुले नाही समजणार."

पिंटूला समजलं नाही, पण पाना त्याने काढला. शिंगांसाठी भंगारातल्या दोन मोटारसायकलींचे सायलेन्सर आणले. त्यांना मुळातच बाक होता, म्हणून दोन दिवस त्यांची पॉलिश झाली. त्यांवर लाल-हिरवी बेगड चढली, टोकाला गोंडे आले. ती समोरच्या गार्डवर बसवली तेव्हा रुंदी साडेसहा फूट भरली. पिंटू म्हणाला, जरा कापू. रुपराव म्हणाले, बाशाची शिंगं अशीच फाकलेली होती. मग कापण्याचा प्रश्नच उरला नाही.

शेपटीसाठी पिंटूने डोकं चालवलं. काच पुसायच्या वायपरची एक जुनी मोटर त्याने मागच्या फाळक्याला बसवली आणि तिला काथ्याची जाड वेणी बांधली. बटण दाबलं की वेणी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे झुले. पहिल्याच चाचणीत तिने शामलाबाईंच्या हातातल्या सुपातली डाळ अंगणभर केली. "माशी बसली असंल," रुपराव म्हणाले. शामलाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की पिंटूने मोटरचा वेग कमी केला.

हंबरण्यासाठी रुपरावांनी शेजारच्या गावातल्या एका गोऱ्ह्याचा आवाज मोबाइलमध्ये भरून आणला. तो आवाज हॉर्नच्या जागी जोडला. वेसणीचा दोर पुढच्या टोइंगच्या हुकातून ओवला. झूल मात्र अडली. एवढ्या अंगाला पुरेल असं कापड घरात नव्हतं. रुपराव ताडपत्रीकडे वळले तेव्हा शामलाबाई दारातच उभ्या होत्या.

"ताडपत्री घालून पोळ्यात नेता का त्याले?" त्या म्हणाल्या. "लोकं काय म्हणतीन? भोयराच्या घरी बाईमाणूस नाही का?"

चार जुनी लुगडी आणि दोन पडदे जोडून त्यांनी झूल शिवली. कडेला आरसे लावले. शिवताना त्या पूर्ण वेळ बडबडत होत्या, पण "तिले" म्हणायच्या ऐवजी "त्याले" म्हणू लागल्या होत्या, आणि हे दोघांपैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. हळद-लोणी लावून मळतात आणि कानात सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." रुपराव वाटी घेऊन गाडीपुढे उभे राहिले आणि अडखळले.

"याचा खांदा कोणता गा?" त्यांनी पिंटूला विचारलं.

"बंपर असंल."

"बंपर तोंड होय. खांदा कसा राहीन?"

दोघं विचारात पडले. शामलाबाई जवळ आल्या. "खांदा म्हणजे जिथं ओझं पडते ते," त्या म्हणाल्या. पदर खोचून गाडीखाली वाकल्या आणि मागच्या चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्यांना हळद-लोणी चोळू लागल्या. पिंटू सांगत होता, की वहिनी, पाट्याले ग्रीस लावतात, लोणी नाही. त्या ऐकत नव्हत्या. खालून त्यांचा आवाज आला, "किती झिजले वं माय हे." रुपरावांना एकदम भरून आलं. बॉनेटवर वाकून, मायेने, त्यांनी हळूच आवतन दिलं.

आता राहिली शेवटची अट. आत कोणी नाही, मालक पुढे, बैल मागे.

इथे जामठीच्या जमिनीने साथ दिली. रुपरावांच्या घरापासून मारुतीच्या पारापर्यंत रस्त्याला बेताचा उतार आहे. गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर माणसाच्या चालीने जाते. ब्रेकवर कोणीतरी हवं, म्हणून पिंटूने आत झोपल्यासारखं बसायचं ठरलं. वरून झूल पडली की काचेतून काही दिसणार नव्हतं. पिंटूलाही बाहेरचं दिसणार नव्हतं. त्यावर उपाय मोबाइल. रुपरावांच्या फेट्यात इयरफोन, पिंटूच्या कानाशी फोन. रुपराव बोलतील तसं पिंटूने करायचं.

"कागदात तं लिहिलंय, आत कोणी नाही पाहिजे," पिंटू म्हणाला.

"तू आत बसत नाही. लेटतो," रुपराव म्हणाले. इतके दिवस कागद वाचून त्यांच्यातही थोडे मुकुंदराव उतरले होते.

पोळ्याच्या दुपारी ऊन-सावली खेळत होती. पारासमोर चार जोड्या उभ्या होत्या, ढोल वाजत होता, आणि मुकुंदराव वेळूची काठी घेऊन तोरणाखाली उभे होते. पाच वाजून वीस मिनिटांनी त्या काठीने तोरण तोडायचं आणि पोळा फोडायचा, हा यंदाचा मान त्यांचा. आयुष्यात त्यांना मिळालेला हा पहिलाच मान होता आणि त्यासाठी त्यांनी धोतर नेसलं होतं.

वरून घुंगरांचा आवाज आला. लोकांनी माना वळवल्या. रुपराव फेटा बांधून, कासरा धरून, संथ चालीने येत होते. त्यांच्या मागे एक प्रचंड रंगीबेरंगी जनावर, इंजिनाचा आवाज न करता, आरसे चमकवत येत होतं. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, मागे डुलती शेपटी. ढोलवाल्याचा हात थांबला.

"हो, हो, हळू," रुपराव म्हणाले. गाडी हळू झाली.

"हो ऽ, थांब बाप्पा." गाडी थांबली.

"हंबर."

गाडी हंबरली. रांगेतल्या तांबड्या बैलाने कान टवकारले. बायकांनी पदर तोंडाला लावले. एक म्हातारा आपोआप हात जोडून बसला आणि मग इकडेतिकडे पाहून त्याने ते खाली घेतले.

मुकुंदरावांनी कागद मागितला. एकेक अट ते वाचत गेले आणि गाडीभोवती फिरत गेले. पाय, शिंगं, शेपटी, झूल, वेसण. दार उघडून पाहावं, असं त्यांच्या मनात आलं, पण झूल उचलणं म्हणजे बैलाचं पांघरूण ओढणं, आणि ते बायकांसमोर बरं दिसलं नसतं. "राहा उभे शेवटी," ते म्हणाले. "नोंदीचं नंतर बघू."

रुपराव रांगेत उभे राहिले. नवव्या जागी. हातात कासरा होता आणि हातांचं काय करावं, हा प्रश्न नव्हता. त्यांना वाटलं, आता नोंद झाली नाही तरी चालेल. पण लगेच वाटलं, नाही, झाली पाहिजे.

मग झडत्या सुरू झाल्या. एकेक मालक पुढे होऊन आपल्या बैलाची कवनं म्हणू लागला. आणि आत, झुलीखालच्या उबदार अंधारात, पिंटू पोटातल्या पाच पुरणपोळ्यांसह पहुडला होता. कानाशी लांबून झडत्या येत होत्या, ढोल येत होता, आरशांच्या फटीतून उजेडाचे लहान-मोठे ठिपके छतावर फिरत होते. त्याला आपण गोठ्यात आहोत असं वाटू लागलं. मग आपण बैल आहोत असं वाटू लागलं. त्यात काही वावगंही वाटलं नाही.

रुपरावांची पाळी आली. त्यांनी घसा साफ केला.

"चाऱ्याबिगर चालते, गोठ्याबिगर राहाते,
मालकाच्या दाराकडे टुकुरटुकुर पाहाते;
नांगर गेला, वखर गेला, वावर गेलं लेआउटात,
बैल माह्या उभा आहे, घ्या जी त्याले पोळ्यात!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

गर्दीने असा काही "महादेव" दिला, की पारावरची कबुतरं उडाली. अर्ध्या लोकांचं वावर लेआउटात गेलेलं होतं. आत पिंटू मात्र जागा झाला नाही. उलट त्याच्या स्वप्नात मालकाने कासरा सोडला आणि त्याने पाय सैल केला. तो पाय ब्रेकवरचा होता.

पिकअप निघाली. घाई न करता, अगदी बैलासारखी, कासऱ्याला ढील देत ती दोन हात पुढे आली. साडेसहा फुटांची शिंगं तोरणात अडकली.

"हो! हो! थांब बाप्पा!" रुपराव ओरडले.

पिंटू दचकून उठला आणि हाताला-पायाला जे लागलं ते त्याने दाबलं. गाडी थांबली, हंबरली, आणि तिची शेपटी पूर्ण वेगाने फिरू लागली. तडतड करत तोरण मधोमध तुटलं आणि दोन्ही शिंगांवरून खाली लोंबलं. मुकुंदराव बंपरपासून वीतभर अंतरावर काठी वर उचलून उभे होते. तोडायला वर काही उरलं नव्हतं. घड्याळात पाच वाजून बारा मिनिटं झाली होती.

तोरण तुटलं की पोळा फुटला. बैलांना मुहूर्त कळत नाही. चारही जोड्या मालकांना घेऊन आपापल्या घराकडे धावल्या, ढोल पुन्हा सुरू झाला, पोरं नाचू लागली. मुकुंदराव तेवढे जागेवर राहिले.

"बाद!" ते काठी आपटून म्हणाले. "ही गाडी बाद! रुपराव, तुम्ही माझा मान खाल्लात!"

रुपरावांनी कासरा तेवढा सोडला नाही.

तेव्हा पाराजवळच्या खुर्चीतून अंजनाबाई उठल्या. अंजनाबाई पाटलांच्या घरच्या. वय ऐंशीच्या पुढे. पूर्वी मानाचा बैल त्यांच्याच घरचा असे. आता त्यांच्या घरी तीन मोटारी होत्या आणि एकही बैल नव्हता.

"कोणाच्या शिंगानं तुटलं तोरण?" त्यांनी विचारलं.

"गाडीच्या," मुकुंदराव म्हणाले.

"शिंगानं तुटलं ना? मंग मानाचा. माह्या सासऱ्याच्या पहिलेपासून असंच आहे. काठीबिठी तं तुमी लोकायनं आणली. रजिस्टर काढा जी."

अंजनाबाईंना नाही म्हणणारा माणूस जामठीत अजून जन्मायचा होता. मुकुंदरावांनी पारावर बसून लिहिलं: 'क्र. ९. रंग पांढरा. शिंगं फाकलेली. मालक रुपराव भोयर. मानाचा बैल.' आणि शिक्का मारला. शाई वाळेपर्यंत रुपराव त्या ओळीवर फुंकर घालत राहिले.

उतारावरून खाली आलेली गाडी चढावर मात्र इंजिन लावून न्यावी लागली. घरी शामलाबाईंनी चारही चाकांवर पाणी घातलं, ओवाळलं आणि पुरणपोळीचा घास घेऊन तोंड शोधू लागल्या. शेवटी तो त्यांनी जाळीपुढे धरला आणि रुपरावांना दिला. रुपराव ओट्यावर बसून नुसते गाडीकडे पाहत होते. ते सुखात होते, आणि लपवतही नव्हते.

सहाच्या सुमारास मुकुंदराव आले. राग ओसरला होता, घाई होती.

"रुपराव, गाडी काढा. उद्याच्या पोरांच्या तान्ह्या पोळ्याचा आपला मोठा लाकडी बैल सुताराकडे तयार आहे. एमआयडीसीच्या फाटकाजवळ. तो तासाभरात शेड बंद करून गावी चाललाय. आज नाही आणला तर उद्या पोरं कशाभोवती जमतील?"

रुपराव उठले. मग बसले.

"साहेब, आज पोळा आहे."

"म्हणून तर!"

"पोळ्याच्या दिवशी बैलाले जुपत नाही जी."

मुकुंदराव हसले. रुपराव हसले नाहीत. मुकुंदरावांचं हसू हळूहळू मावळलं.

"अहो, आपलं मागच्या आठवड्यात ठरलं होतं!"

"तेव्हा गाडी होती," रुपराव काकुळतीने म्हणाले. त्यांना खरंच अवघड झालं होतं. "आता तुमीच लिहिलं ना. मानाच्या बैलाले पोळ्याच्या दिवशी कामाले लावलं तं पाप कोणाले लागन? उद्या मागान तितके फेरे मारतो."

"मग खोडतो नाव!" मुकुंदरावांनी काखेतलं रजिस्टर काढलं आणि पेनचं टोपण उघडलं.

रुपरावांचा चेहरा उतरला.

"खोडा ना जी," शामलाबाई दारातून म्हणाल्या. "पण मंग तोरण कोणी तोडलं म्हणून लिहान? बैलानं नाही, मानकऱ्यानं नाही. पोळा फुटलाच नाही असं लिहा लागन. आणि पस्तीस वर्षांत पहिली खाडाखोडही होईन."

मुकुंदरावांनी त्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी टोपण लावलं.

"दुसरी गाडी बघतो," ते म्हणाले आणि फोन लावू लागले. पण जामठीत बातमी त्यांच्या आधी पोचली होती. ट्रॅक्टरवाला म्हणाला, माह्या ट्रॅक्टर तं वावरातच राहते, तो पिकअपपेक्षा पक्का बैल आहे, आज नाही जुपत. ऑटोवाल्याने हँडलला हळद लावली होती. अंजनाबाईंच्या तिन्ही मोटारी गोंडे लावून आराम करत होत्या. शेवटी मुकुंदरावांनी स्वतःची स्कूटर आठवली, तर घरून त्यांची बायको सुमतीबाई म्हणाल्या, "अहो, मी आत्ताच तिला कुंकू लावलं. तीस वर्षं राबतेय बिचारी. आज नका."

"मग आणायचा कसा तो बैल?" मुकुंदराव ओट्यावर मटकन बसले.

"त्याले चाकं हायेत ना?" रुपराव उठले. "चला, ओढून आणू. बैलाले सुट्टी आहे. मले कोठं आहे?"

आणि ते खरोखर निघाले. रुपराव, मुकुंदराव, डोळे चोळत आलेला पिंटू आणि समितीची चार माणसं. तीन किलोमीटर चालत गेले. लाकडी बैल माणसाएवढा उंच होता, डोळे मोठे, रंग ओला. पुढे दोर बांधला. मुकुंदराव आणि पिंटूची उंची सारखी, म्हणून दोघांना पुढे लावलं. बाकीचे मागून ढकलू लागले. रस्ता रुपरावांच्या पायाखालचा, खड्डे त्यांना पाठ, म्हणून दोराचं टोक धरून ते सर्वांत पुढे.

शिफ्ट सुटून कंपनीच्या बसा परतत होत्या. खिडक्यांतून लोक वाकून बघत होते. पश्चिमेला आभाळ केशरी झालं होतं आणि लाकडी चाकं कुरकुरत होती. मुकुंदरावांच्या धोतराचा सोगा दोराखाली आला होता. त्यांनी दोर खांद्यावर घेतला तेव्हा ओढणं थोडं सोपं झालं.

पाटलांच्या दारात अंजनाबाई ताट घेऊन उभ्या होत्या. बैल तर केव्हाच येऊन गेले होते, पण एक घास उरला की त्यांचा पाय दारातून निघत नसे. त्यांनी मिरवणूक थांबवली. लाकडी बैलाकडे पाहिलं.

"याचा सण उद्या," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी तांब्यातलं पाणी मुकुंदरावांच्या पायांवर घातलं. पिंटूच्या पायांवर घातलं. दोघांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि पुरणपोळीचा घास पुढे केला. मुकुंदरावांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. दिवसभर त्यांच्या पोटात काही नव्हतं. त्यांनी मान खाली केली आणि तोंड उघडलं.

अंजनाबाई दोन पावलं मागे सरल्या. डोळे बारीक करून त्यांनी दोघांना शिंगापासून खुरापर्यंत न्याहाळावं तसं न्याहाळलं.

"जोडी बरी आहे गा, रुपराव," त्या म्हणाल्या. "कोठून आणली?"

रुपरावांनी मागे वळून पाहिलं. पिंटू चघळत होता. मुकुंदराव डोळे मिटून चघळत होते. दोर त्यांच्या खांद्यावरून रुपरावांच्या मुठीत आला होता.

"घरचीच आहे, काकी," ते म्हणाले.